नाशिकचें खोबरें आणि सुमात्राचा नारळ

नाशिकहून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारें आठ किलोमीटरांवर, त्रिरश्मि नांवाचा डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेण्यांचा डोंगर म्हणतात. तेथील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचे दानलेख कोरलेले आहेत. एका लेखांत तीन हजार कार्षापणांच्या ठेवीचा हिशेब आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ही रक्कम ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक व एक हजारावर शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याजांतून लेण्यांतील भिक्षूंची सोय व्हावी, अशी व्यवस्था केली. त्याच लेखांत पुढें चिखलपद्र नांवाच्या गांवीं नारळाचीं ८,००० झाडें दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखांत नानंगोल या गांवचीं ३२,००० झाडें दान दिल्याचें सांगितलें आहे. प्राकृतांत तेथें शब्द आहे ‘नाळिगेर’. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतला हा लेख वाचला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. सह्याद्रीच्या वर बसलेल्या या नगराला नारळ हें केवळ देवापुढें फोडावयाचें फळ वाटत नव्हतें. पैशाच्या ठेवीशेजारीं मांडावें असें तें स्थावर धन होतें.

परंतु ज्या नाशिकच्या डोंगरावर हा लेख कोरला गेला, त्या नाशिकांत नारळीच्या बागा नाहींत. समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंचीवरचा हा प्रदेश द्राक्षें, कांदे, गहूं आणि बाजरी पिकवितो. नारळ येथें पाहुणा म्हणून येतो. आणि पाहुणा असूनही घरांत त्याचा मान मोठा. सुवासिनीच्या ओटींत नारळ, भुलाबाईच्या खिरापतींत खोबरें, रामनवमीच्या सुंठवड्यांत खोबरें, खंडोबाची तळी भरतांना भंडाऱ्याबरोबर खोबरें; आणि रोजच्या आमटींत, भरल्या वांग्यांत, मटणाच्या रश्शांत, तर्रीदार मिसळींत जो काळा मसाला पडतो, त्याच्याही पोटांत खोबरेंच. जें फळ आपल्या मातींत येत नाहीं, तें आपल्या चवीचें मूळ होऊन बसावें, हा चमत्कार कसा घडला, हें पाहण्यासारखें आहे.

मराठी घरांत नारळाचीं दोन रूपें नांदतात. कोंकणांत ओलें खोबरें, घाटावर सुकें. कोंकणांतली गृहिणी सकाळीं नारळ फोडते, विळीवर खवते, पाट्यावर वाटते, त्याचा दाट रस निराळा व पातळ रस निराळा काढते, आणि संध्याकाळपर्यंत तो संपविते. कारण ओलें खोबरें दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाहीं. घाटावरच्या बाईला ही चैन परवडण्याजोगी नव्हती. थळ घाटानें बैलांच्या पाठीवरून मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर येत. तो माल वाटेंत दिवस काढी. इ. स. १८६५ मध्यें लोहमार्ग घाट चढून इगतपुरीस आला व वाट सोपी झाली. पण तोंवर घाटावरच्या चुलीनें आपली निवड कधींच करून टाकली होती. टिकणारें तें आपलें, असा तिचा कायदा होता. आणि नारळांत टिकणारें जें रूप, तें वाळलेलें खोबरें.

हें खोबरें तयार होतें तीही एक कलाच आहे. कर्नाटकांतील तिपटूर हें गोटा खोबऱ्याचें प्रसिद्ध ठिकाण. तेथें पक्व नारळ न सोलतां माळ्यावर रचून ठेवतात. आठ-दहा महिन्यांत, कधीं वर्षभरांत, आंतलें पाणी आटतें, खोबरें करवंटीपासून सुटतें, आणि नारळ हलविला कीं आंत गोटा खडखड वाजतो. ताज्या खोबऱ्यांत जवळजवळ निम्मा भाग पाण्याचा असतो. तो शेंकडा सहा-सातांपर्यंत उतरला म्हणजे खोबरें टिकाऊ झालें. मग जी वस्तु उरते तिच्यांत शेंकडा साठांहून अधिक भाग तेलाचा असतो. म्हणून सुक्या खोबऱ्याची वाटी ही एका अर्थानें तेलाची बरणीच होय. फरक इतकाच कीं, हें तेल बारीक तंतूंत कोंडलेलें असतें आणि भाजल्याशिवाय वा कुटल्याशिवाय बाहेर पडत नाहीं.

या तेलाचा शत्रु म्हणजे खवटपणा. तेल दोन मार्गांनीं बिघडतें. हवेंतील प्राणवायु हा एक मार्ग; ओल आणि बुरशी हा दुसरा. नारळाच्या तेलांतील स्निग्धाम्लें बहुतांशीं संपृक्त असल्यामुळें पहिल्या मार्गास तें सहसा बळी पडत नाहीं. दुसऱ्या मार्गानें मात्र तें लवकर हरतें. ओल लागली कीं त्यांतील लॉरिक आम्ल सुटें होतें आणि खोबऱ्यास साबणासारखी चव येते. घरांतल्या जुन्या बायकांना या आम्लाचें नांव ठाऊक नव्हतें. पण मसाला पावसाळ्यापूर्वींच करावा, खोबरें मोडून पाहावें, आंतून पिवळें वा काळपट दिसलें तर बाजूस काढावें, भाजलेला जिन्नस पूर्ण निवल्याशिवाय बरणींत भरूं नये, ओला चमचा मसाल्यास लावूं नये, हे सर्व नियम त्यांना पाठ होते. ते नियम रसायनशास्त्राशीं तंतोतंत जुळतात.

आतां नाशिककडचा काळा मसाला पाहूं. धने हे त्याचें अंग. खोबरें, तीळ आणि खसखस ही त्याची पुष्टि. लवंग, दालचिनी, मिरीं, वेलदोडे, शहाजिरें, तमालपत्र, नागकेशर, जायपत्री आणि दगडफूल हा त्याचा सुगंध. लाल मिरची हा त्याचा तिखटपणा. हळद आणि हिंग हें त्याचें राखण. घरोघरीं प्रमाण निराळें; धन्यांच्या निम्म्यानें खोबरें घेणारीं घरें आहेत, तशीं त्याहून पुष्कळ कमी घेणारींही आहेत. परंतु खरें मर्म प्रमाणापेक्षां भाजण्याच्या क्रमांत आहे. प्रत्येक जिन्नस निराळा भाजला पाहिजे, कारण प्रत्येकाचा आगीशीं करार निराळा. धने थोड्या तेलावर, मंद आंचेवर, सावकाश. दगडफूल क्षणभरच, नाहीं तर तें कडू होतें. तीळ तडतडूं लागले कीं उतरवावयाचे. मिरच्या शेवटीं, कारण त्यांचा ठसका घरांत उभें राहूं देत नाहीं. खोबऱ्याचे तुकडे वा कीस मात्र नुसता लालसर होऊन चालत नाहीं. गोड्या मसाल्यास तेवढें पुरें; काळ्या मसाल्यास तें चांगलें गडद तपकिरी, करपण्याच्या अगदीं उंबरठ्यापर्यंत न्यावें लागतें. हा उंबरठा ओलांडला तर वर्षाचा मसाला कडू. अलीकडे थांबलें तर रश्शाला रंग नाहीं आणि वासही नाहीं. कुटतांना खोबरें आणि तीळ निराळे कुटतात, कारण त्यांचें तेल सुटलें कीं बाकीच्या कोरड्या जिनसांचे गोळे होतात. शेवटीं सर्व एकत्र करून, चाळून, दाबून बरणींत भरावयाचें आणि वर हिंगाचे खडे ठेवावयाचे.

याखेरीज रोजचें वाटण असतें तें निराळें. त्यांत कांदा अख्खाच निखाऱ्यांत भाजतात, खोबऱ्याची वाटी चिमट्यांत धरून ज्वाळेवर धरतात, आणि लसूण-आल्याबरोबर पाट्यावर वाटतात. ज्या जिल्ह्यांत लासलगांवसारखी कांद्याची मोठी पेठ आहे, त्या जिल्ह्याच्या रश्शांत कांद्यानें खोबऱ्यास जोडीदार म्हणून साथ द्यावी, हें ओघानेंच आलें.

मात्र हें वाटण प्रत्येकाच्या चुलीपर्यंत पोंचत होतें, असें समजूं नये. खोबरें विकत आणावें लागे. तें सणाचें, पाहुण्याचें, लग्नकार्याचें द्रव्य होतें. पेठ, सुरगाणा, इगतपुरी या पश्चिमेकडच्या डोंगराळ तालुक्यांत खुरासणी पिके. तेथील चटणी खुरासणीची. इतरत्र शेंगदाण्याचा कूट खोबऱ्याच्या जागीं बसला. भुईमूग हें पीक मूळचें दक्षिण अमेरिकेंतलें. तरी गरिबाच्या रश्शाला दाटपणा देण्याचें काम त्यानें इतक्या निष्ठेनें केलें कीं, आज तें परकें आहे हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. मसाल्याच्या बरणीकडे पाहून घरची ऐपत सांगतां येत असे, हें विसरून त्या बरणीचें नुसतें कौतुक करणें योग्य नव्हे.

हा सर्व विचार मनांत ठेवून समुद्रापलीकडे पाहिलें, तर एक मोठें नवल दृष्टीस पडतें. मलाया, सुमात्रा आणि जावा या प्रदेशांत नारळ परसांत येतो. तेथें तो पाहुणा नसून घरचा धनी आहे. नारळाच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून असें दिसलें कीं, जगांतील नारळाचीं मुख्य कुळें दोन. एक पॅसिफिक महासागराकडचें व दुसरें हिंदी महासागराकडचें. माणसानें नारळ लागवडीस आणला तोही बहुधा दोन ठिकाणीं. एकदां आग्नेय आशियाच्या बेटांवर आणि एकदां भारताच्या दक्षिण किनाऱ्याच्या परिसरांत. म्हणजे कोंकणचा नारळ आणि जावाचा नारळ हे एकमेकांचे चुलतभाऊ. आणि भावांच्या घरीं चुलीही सारख्याच पेटल्या.

मलाया देशांत ‘करीसिक’ नांवाची एक वस्तु करतात. नारळ खवून तो कोरड्या कढईंत मंद आंचेवर सतत हलवीत भाजावयाचा. तपकिरी झाला कीं गरम असतांनाच खलांत कुटावयाचा. तेल सुटून त्याचा काळसर लगदा झाला कीं करीसिक तयार. तो रश्शांत घातला कीं रश्शास दाटपणा, रंग आणि खमंग वास येतो. मालवणच्या गृहिणीस हें वर्णन ऐकविलें तर ती म्हणेल कीं, हें आमचें भाजलेलें वाटणच! नाशिकची गृहिणी म्हणेल कीं, ओलें खोबरें कशाला, सुकें घेतलें असतें तर हलविण्याचे हात तरी वांचले असते. दोघींचें म्हणणें बरोबर आहे. नारळांतील तेल व शर्करा यांस आगीनें जो वास येतो, तो तिन्ही ठिकाणच्या बायकांनीं आपापल्या वाटेनें शोधून काढला.

सुमात्राच्या पश्चिम भागांत मिनांगकाबाउ नांवाचे लोक राहतात. त्यांचा ‘रेन्डांग’ हा पदार्थ आतां जगप्रसिद्ध आहे. नारळाच्या दुधांत मांस, मिरची, आलें, कोळिंजन, हळदीचें पान, गवती चहा, लहान कांदे आणि लसूण घालून तें तासन् तास शिजवितात. प्रथम तो पातळ रस्सा असतो. त्याला ‘गुलाइ’ म्हणतात. आटून दाट झाला कीं ‘कालिओ’. त्याच्याही पुढें नेला, पाणी पार उडालें, दुधांतलें तेल सुटलें आणि मांस त्याच तेलांत परतून काळसर झालें, म्हणजे रेन्डांग. येथें शिजविण्याचा शेवट तळण्यांत होतो, आणि तेल बाहेरचें एक थेंबही लागत नाहीं. असा पदार्थ त्या उष्ण व दमट हवेंतही कित्येक दिवस टिकतो. मिनांगकाबाउ समाजांत घर व जमीन ही आईकडून मुलीकडे जाते, आणि तरुण पुरुषांनीं दैव अजमावण्यास परगांवीं जावें अशी जुनी रीत आहे. तिला ‘मेरांताउ’ म्हणतात. अशा प्रवाशाच्या शिदोरीस रेन्डांग फार सोयीचें. घाटावर खोबरें वाळवून टिकविलें, सुमात्रांत खोबऱ्याच्या दुधानें मांस टिकविलें. गरज एक, उपाय दोन.

चटण्यांचीही अशीच गोष्ट आहे. जावांत ‘सेरुंदेंग’ करतात. किसलेला नारळ मसाल्याबरोबर परतून कोरडा, तपकिरी, कुरकुरीत करावयाचा आणि भातावर भुरभुरावयाचा. आपल्याकडची सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी आणि सेरुंदेंग यांस शेजारीं ठेवलें तर नातें लपत नाहीं. तेथें त्यांत गोडवा अधिक, येथें लसूण अधिक, एवढाच भेद. ‘उराप’ म्हणजे उकडलेल्या भाज्यांस मसालेदार ओला नारळ चोळणें. कोंकणांतल्या भाजीवर खोबरें पेरण्याच्या रीतीशीं तें जुळतें. ‘पेचेल’ म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाणे व मिरची यांची चटणी. शेंगदाण्यानें तेथेंही खोबऱ्याशेजारीं आपला पाट मांडलेला आहे. ‘सांबाल’ ही मिरचीची ओली चटणी. तींत कोलंबी आंबवून केलेला उग्र वासाचा गोळा भाजून घालतात. त्या वासानें नाक मुरडणाऱ्यानें आपल्या किनाऱ्यावरची जवळा आणि सुकटीची चटणी आठवावी. जावाची बाई सांबाल वाटते ती ज्वालामुखीच्या दगडाच्या उथळ खलांत. मलायांत पाटा-वरवंट्यासारखी दगडी जोडीही आहे. दगड निराळे, पण मनगटाची हालचाल तीच.

शब्दांनींही ही ओळख जपली आहे. मलाय भाषेंत साखरेला ‘गुला’ म्हणतात. तो संस्कृत ‘गुड’, म्हणजे आपला गूळ. इंडोनेशियांत मिऱ्यांस ‘मेरिचा’ म्हणतात, तो ‘मरिच’. त्याच मरिचापासून मराठींत मिरीं झालीं आणि अमेरिकेंतून आलेल्या तिखट शेंगेसही आपण मिरची म्हणूं लागलों. शिरक्यास तेथें ‘चुका’ म्हणतात. तो संस्कृत ‘चुक्र’, आणि आपल्या बाजारांतली आंबट चुक्याची जुडी त्याचीच बहीण. जायफळास ‘पाला’ म्हणतात, तें ‘फल’. आणि चवीला मलाय भाषेंत शब्द आहे ‘रासा’. रस हा शब्द मराठींत काव्यापासून आमरसापर्यंत सर्वत्र वावरतो. तो समुद्र ओलांडून गेला तेव्हां जीभ आणि मन या दोहोंची जाणीव बरोबर घेऊन गेला, कारण ‘रासा’ म्हणजे तेथें चवही आणि भावनाही.

देण्याप्रमाणें घेणेंही मोठें आहे. नाशिकच्या काळ्या मसाल्यांतील लवंग ही मूळची तर्नाते, तिदोरे आणि आसपासच्या चिमुकल्या बेटांवरची. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गांत, इंदुमतीच्या स्वयंवरप्रसंगीं, द्वीपांतरांहून वाऱ्यानें आणलेल्या लवंगेच्या फुलांचा उल्लेख येतो, म्हणजे लवंग पलीकडच्या बेटांवरून येते हें आपल्याकडे तेव्हांही माहीत होतें. जायफळ आणि जायपत्री हीं तर एकाच फळाचीं दोन अंगें, आणि तें झाड कित्येक शतकें केवळ बांदा बेटांवरच लागवडींत होतें. या सुवासाची किंमत तेथील लोकांनीं दिली. इ. स. १६२१ मध्यें डच व्यापारी कंपनीचा अधिकारी यान पीटरस्झोन कून यानें जायफळाचा मक्ता मिळविण्यासाठीं बांदा बेटांवर स्वारी केली. तेथील बहुसंख्य रहिवासी मारले गेले, उपासमारीनें मेले, किंवा गुलाम करून नेले गेले, आणि त्यांच्या बागा कंपनीच्या माणसांस वांटून दिल्या. श्रीखंडावर चिमूटभर जायफळ किसतांना हा इतिहास आठवावा असें कोणी म्हणणार नाहीं. पण आपल्या डब्यांतला प्रत्येक जिन्नस कोणाच्या तरी परसांतून आला आहे, एवढें ध्यानांत असावें. मिरचीही तशीच परदेशांतून आली. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ती हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागली, आणि त्याच सुमारास आग्नेयेकडच्या बेटांवरही पसरली. तत्पूर्वीं नाशिकच्या आमटीस आणि सुमात्राच्या गुलाइस तिखटपणा येई तो मिऱ्यांनीं, पिंपळीनें आणि आल्यानें.

तेव्हां ‘आमची चव शुद्ध आमचीच’ हा अभिमान इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. पण म्हणून ती चव आमची नाहीं, असेंही नव्हे. २०१८ सालीं विलायतेंतील दूरचित्रवाणीवरच्या एका पाकस्पर्धेंत मलेशियांत जन्मलेल्या एका बाईनें नारळाच्या दुधांतला भात आणि कोंबडीचें रेन्डांग करून वाढलें. कोंबडीची कातडी कुरकुरीत नाहीं, असा दोष परीक्षकानें काढला आणि ती बाई स्पर्धेंतून बाहेर पडली. रेन्डांग कुरकुरीत नसतेंच. तें मऊ होईपर्यंत आटविणें हेंच त्याचें सार. एरवीं रेन्डांग मूळ कोणाचें यावर हुज्जत घालणारे मलेशिया आणि इंडोनेशिया येथील लोक त्या वेळीं एका आवाजांत बोलले. मलेशियाच्या तत्कालीन पंतप्रधानांनींही त्या परीक्षणाची थट्टा केली. वरवर पाहतां ही क्षुल्लक गोष्ट. पण पदार्थ कशानें बरा ठरतो हें सांगण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न तींत होता. आणि त्या लोकांनीं उत्तर दिलें कीं, ज्यांनीं तो पिढ्यान् पिढ्या आटविला, त्यांचा. जिन्नस कोठूनही येवोत. त्यांना किती भाजावें, केव्हां उतरवावें, कशाच्या मागून काय घालावें, हें ज्ञान ज्या घरांत साठलें, त्या घराची ती चव.

आणि नेमकें हेंच ज्ञान नाशिकच्या घरांतून सध्यां निसटत आहे. मसाला उखळांत कुटण्याचे दिवस गेले, त्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. भर वैशाखांत मुसळ उचलणाऱ्या हातांस फोड येत; ठसक्यानें डोळे सुजत; आणि त्या कष्टांचा हिशेब कोणी ठेवला नाहीं. कांडपयंत्रानें बायकांचे ते कष्ट वांचविले, हें चांगलेंच झालें. उन्हाळ्यांत कांडपयंत्रापुढें डबे घेऊन बसलेल्या बायकांची रांग पाहिली तर असें दिसेल कीं, यंत्र फक्त कुटतें. भाजणें अजून घरींच होतें. धोका तेथें नाहीं. धोका आहे तो भाजण्याचा अंदाज एका माणसाच्या डोळ्यांत आणि नाकांत राहतो आणि त्या माणसाबरोबर जातो, यांत आहे. सासूबाईंनीं करावें आणि सुनेनें शेजारीं बसून पाहावें, या रीतीनें हें शिक्षण चालत असे. आतां सून नोकरीवर असते, सासूबाई गांवीं असतात, मुलगा-मुलगी परदेशीं. आणि मसाला एका पिशवींतून पोंचता होतो. एक दिवस पिशवी येत नाहीं, आणि मग सर्वांना आठवतें कीं विचारावयाचें राहून गेलें.

कांहीं घरांत जुनी वही असते; पण तीही नेहमीं उपयोगी पडत नाहीं. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालीं झाला, आणि त्यानंतरच्या कांहीं वर्षांत शेर, पावशेर, छटाक हीं मापें व्यवहारांतून गेलीं. वहींत ‘धने एक शेर’ असें लिहिलेलें असलें, तर तो शेर कोणता? बंगाली शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅमचा. मुंबईचा जुना शेर त्याच्या निम्म्याहूनही कमी. धान्याचा मापी शेर आणखी निराळा. चुकीचा शेर धरला तर धने दुप्पट-तिप्पट होतात आणि मसाला नुसता धन्यांचा भुगा होतो. शिवाय वहींत ‘खोबरें भाजून’ एवढेंच असतें. किती भाजून, हें नसतें, कारण लिहिणारीला तें सांगण्याजोगें वाटलेंच नाहीं.

म्हणून ज्या घरांत मसाला करणारी वडील बाई आहे, त्या घरानें यंदाच्या उन्हाळ्यांत एक लहानसें काम करावें. ती हातानें जिन्नस काढील तसा प्रत्येक जिन्नस परातींत पडण्यापूर्वीं काट्यावर तोलावा आणि ग्रॅममध्यें लिहावा. तिला मोजून घ्या असें सांगूं नये. मोजावयास लावलें कीं हाताचा अंदाज बिघडतो. भाजण्याचा क्रम ज्या क्रमानें घडला त्याच क्रमानें टिपावा. खोबरें कढईंतून उतरविलें त्या क्षणाचा रंग लिहून सांगतां येत नाहीं. त्याचें छायाचित्र घ्यावें, आणि भाजलेल्या खोबऱ्याचा एक चमचा लहान बाटलींत बंद करून ठेवावा. ओल न लागेल तर पुढच्या वर्षीं जुळवून पाहण्यास तो उपयोगी पडेल. खोबरें कोणत्या पेठेंतलें, गोटा कीं वाटी, मिरची ब्याडगी कीं लवंगी, हेंही लिहावें. कारण जिन्नस बदलला तर प्रमाण बदलतें, आणि हा बदल करण्याचें शहाणपण त्या बाईलाच विचारतां येतें.

दुसऱ्या वर्षीं तोच मसाला घरांतल्या दुसऱ्या कोणीं करावा. सुनेनें, मुलीनें, किंवा मुलानेंही. वडील बाईनें शेजारीं खुर्चीवर बसावें आणि फक्त वास घ्यावा. ती ‘आतां उतरव’ म्हणेल, तेव्हां कढई उतरवावी, आणि घड्याळ पाहून तेवढीं मिनिटें वहींत मांडावीं.